स्वीडिश येणारा कुणीही फिन चालतो? नाही हो!
"फिनलंडात स्वीडिश पण ऑफिशियल भाषा आहे ना, मग कुणीही फिन माणूस पकडा, करून देईल स्वीडिशचं फिनिशमध्ये ट्रान्सलेशन" हे इतक्या वेळा ऐकलंय की आता लिहूनच टाकते. ऑफिशियल आहे, शाळेत सगळ्यांना शिकावी पण लागते, पण मातृभाषा स्वीडिश असलेले जेमतेम 5 टक्के, बाकीच्यांचं शाळेतलं स्वीडिश म्हणजे आपलं शाळेतलं संस्कृत नसलं तरी फार लांबही नाही. आणि या बहिणी-बहिणी भाषा पण नाहीत, स्वीडिश जर्मनच्या घरातली, फिनिश एस्टोनियनच्या.

खरी गंमत वाक्प्रचारांत. 1809 पर्यंत फिनलंड स्वीडनच्या राज्यात होता, त्यामुळे काही जसेच्या तसे जुळतात, न बघता माल घेतला तर दोन्हीकडे "पोत्यातलं डुक्कर" विकत घेतलं म्हणतात. पण स्वीडिश माणूस "दलदलीत घुबडं असावीत" म्हणाला की त्याला म्हणायचंय कुठेतरी पाणी मुरतंय, आता हे शब्दशः फिनिशमध्ये टाकलं तर समोरचा पक्षी शोधत बसेल!

म्हणून कुणीही फिन नको, मातृभाषा फिनिश आणि स्वीडिश पक्कं असलेला अनुवादक बघा. फिनलंडात अधिकृत अनुवादकाची परवानगी भाषाजोडी आणि दिशा धरून मिळते, म्हणजे फिनिशमधून स्वीडिश करणारा उलटं करेलच असं नाही. स्वीडनमध्ये ही परवानगी द्यायचं काम काम्मारकॉलेगिएट हे सरकारी खातं बघतं, अशा अनुवादकांची यादी ऑनलाइन शोधता येते. आणि मीटिंगला दुभाषी हवा असेल तर दुभाषीच घ्या, लिहिणारा अनुवादक नको, ते कामच वेगळं.