विद्युत पॅनेलची थर्मल तपासणी: ग्राहकांसाठी माहिती

सोसायटीच्या मीटर रूममध्ये किंवा कारखान्याच्या मुख्य पॅनेलमध्ये एखादा नट सैल झाला, तर तो नुसत्या डोळ्यांना कळत नाही. जोडाचा विद्युतरोध वाढतो, तेथे उष्णता निर्माण होऊ लागते, आणि केबलचे आवरण तपकिरी पडून जळका वास सुटेपर्यंत कोणाच्याही लक्षात येत नाही. ही उष्णता वेळीच ओळखता यावी, यासाठी आम्ही अवरक्त किरणांचा उपयोग करतो.

विल्यम हर्शेल यांनी १८०० साली लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे करून त्यांत तापमापी ठेवून पाहिली, तेव्हा तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथेही पारा चढला. तेच हे किरण. टीव्हीच्या रिमोटमधील अवरक्त किरणांची तरंगलांबी साधारण ०.९४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते. भिंत, केबल किंवा आपले शरीर मात्र १० मायक्रॉनच्या आसपासचे किरण सर्वाधिक सोडते, आणि आमचा कॅमेरा तेच टिपतो. हा एक प्रकारचा एक्स-रे आहे का, असे पुष्कळ ग्राहक विचारतात. तसे नाही, कॅमेरा स्वतः कोणतेही किरण सोडत नाही, समोरून येणारे किरण केवळ मोजतो.

तीन फेजच्या तीन लगांपैकी (लग म्हणजे केबलच्या टोकाला बसवलेला धातूचा जोड) दोन पडद्यावर निळसर, म्हणजे थंड, आणि मधला पिवळा-पांढरा, म्हणजे तापलेला दिसला, तर आम्ही प्रथम टाँग टेस्टरने (तारेभोवती चिमट्यासारखे लावून करंट मोजण्याचे उपकरण) तिन्ही फेजचा करंट मोजतो. करंट सारखा असूनही एकच लग तापलेला असेल, तर दोष बहुधा जोडात असतो. करंटच जास्त असेल, तर लोडची विभागणी सुधारावी लागते. केवळ रंगीत चित्र पाहून निष्कर्ष काढणे आम्हांला योग्य वाटत नाही.

चकचकीत तांब्याच्या बसबारबाबत (पॅनेलमध्ये वीज वाहून नेणाऱ्या पट्टीबाबत) विशेष काळजी घ्यावी लागते, कारण तो स्वतःचे किरण फार थोडे सोडतो व आसपासचे किरण आरशासारखे परावर्तित करतो, त्यामुळे तापलेला असूनही थंड भासू शकतो. म्हणून अशा ठिकाणी आम्ही शेजारच्या केबलच्या आवरणाचे तापमानही पाहतो. काच आणि अॅक्रिलिक यांतून हे किरण पार जात नाहीत, त्यामुळे पॅनेलचे झाकण उघडावेच लागते.

तपासणी चालू लोडवरच करावी लागते. करंट निम्मा झाला की जोडातील उष्णता एक चतुर्थांशावर येते आणि खरा दोष झाकला जातो. म्हणून सोसायट्यांनी शक्यतो संध्याकाळची, सर्व घरांतील दिवे व उपकरणे चालू असण्याची वेळ द्यावी, आणि झाकण उघडण्यासाठी आपला परवानाधारक वायरमन हजर ठेवावा. दुरुस्ती वीजपुरवठा बंद करूनच करावी. ती झाल्यानंतर पुन्हा तेवढ्याच लोडवर घेतलेले चित्र आम्ही पहिल्या चित्राशेजारी लावून अहवालात देतो.