छत्रीवरून नाते ठरत नाही

जेलीफिश हे नाव बोलायला सोयीचे असले, तरी वर्गीकरणशास्त्रात त्याला नेमकी अशी एक जागा नाही. पारदर्शक, छत्रीसारखा, पाण्यात तरंगणारा जीव दिसला की आपण त्याला जेलीफिश म्हणतो. परंतु हा आकार एकमेकांपासून बऱ्याच दूरच्या प्राण्यांमध्ये आढळतो आणि सख्ख्या नातलगांमध्ये कित्येकदा आढळत नाही.

1847 मध्ये प्राणिशास्त्रज्ञ लॉयकार्ट यांनी अशा प्राण्यांना ‘सीलेंटेराटा’, म्हणजे आंतरगुही, या नावाखाली एकत्र आणले. पुढे 1888 मध्ये हाचेक या प्राणिशास्त्रज्ञांनी त्यांतून टेनोफोरा वेगळे काढले. कंगव्याच्या दातांसारख्या सूक्ष्म रोमांच्या आठ पट्ट्या हलवत पोहणारे हे जीव सहसा दंश करत नाहीत. भक्ष्याला ते चिकट पेशींनी धरतात. उरलेल्या निडारिया संघाची खरी खूण म्हणजे दंशपेशी. तिच्यातील सूक्ष्म कुपीत एक पोकळ धागा गुंडाळलेला असतो आणि स्पर्श होताच आतल्या प्रचंड दाबाने तो उलटा होऊन बाहेर फेकला जातो. प्रवाळ, समुद्रपुष्पे आणि जेलीफिश यांना एका संघात आणते ती हीच कुपी. माशांच्या शरीरात राहणारे, पूर्वी एकपेशीय समजले गेलेले मिक्सोझोआ हे परजीवीही तशाच कुपीमुळे आणि पुढे जनुकांच्या पुराव्यामुळे या संघात आले.

आकाराने केलेली सर्वांत मोठी फसगत मात्र जीवनचक्रातली आहे. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ मायकेल सार्स यांनी तळाला चिकटलेला एक इवलासा जीव आणि बशांच्या चळतीसारखा दिसणारा दुसरा, अशा दोघांना वेगवेगळी नावे दिली होती. त्यांनीच पुढे दाखवून दिले की या जेलीफिशच्याच दोन अवस्था असून, चळतीतली एकेक बशी सुटून पोहू लागते.

निडारिया संघातील, छत्री धारण करू शकणाऱ्या मेडुसोझोआ या शाखेत नेहमीचे जेलीफिश सायफोझोआ वर्गात, तर 24 डोळ्यांचे चौकोनी जेलीफिश क्युबोझोआ वर्गात मोडतात. देठाने चिकटून राहणाऱ्या स्टॉरोझोआंना 2004 मध्ये स्वतंत्र वर्गाचा दर्जा मिळाला. हायड्रोझोआ हा वर्ग सर्वांत मोठा आणि, माझ्या मते, सर्वांत घोळाचा. जेलीफिश म्हणून खपणारा निळा फायसेलिया याच वर्गातला, पण तो एक प्राणी नसून कामे वाटून घेतलेल्या अनेक घटकजीवांची वसाहत आहे. गोड्या पाण्यातला हायड्राही इथलाच. त्याच्या आयुष्यात छत्रीची अवस्था कधीच येत नाही. तरीही त्याच्या मायटोकॉन्ड्रियातील, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकांतील, डीएनए प्रवाळांसारखा वर्तुळाकार नसून जेलीफिशांसारखा सरळ रेषेत असतो.