तोफ ओढणार कोण?

9 नोव्हेंबर 2018 रोजी नाशिकजवळच्या देवळालीत तेव्हाच्या संरक्षणमंत्री निर्मला सीतारामन यांनी तीन गोष्टी तोफखान्याच्या हवाली केल्या. त्यातल्या दोन लोकांना आठवतात: स्वतः चालणारी के-9 वज्र तोफ आणि अमेरिकेची हलकी एम-777 तोफ. तिसरी होती तोफ ओढणारी गाडी. अशोक लेलँडने बनवलेली, सहाही चाकांना ताकद पोचवणारी. तिची चर्चा फारशी झालीच नाही.

नाशिकरोडला राहणाऱ्यांना तोफांचं अप्रूप नसतं. देवळालीच्या मैदानावर फायरिंग सुरू झालं की खिडकीच्या काचा थरथरतात, आणि घरातलं कुणी मानही वर करत नाही. पण रस्त्यावरून तोफा निघाल्या की मी आजही थांबून बघतो, आणि आधी बघतो ती पुढची गाडी. तोफ कितीही लांब मारा करो, ती वेळेवर जागेवर पोचली नाही आणि तिच्यामागे गोळे आले नाहीत, तर ती नुसतं लोखंड आहे.

याचा सगळ्यात चांगला दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. 1818 साली कर्नल मॅकडॉवेलच्या हाताखालच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेने मोसम नदीकाठच्या मालेगावच्या किल्ल्याला वेढा घातला. आत अरब शिबंदी होती आणि ती चिवटपणे लढली. मे महिना सरत आला, हल्ला फसला आणि इंग्रजांचा दारूगोळा संपत आला. नगरहून जास्तीची कुमक येईपर्यंत वाट बघण्यावाचून त्यांना गत्यंतर उरलं नाही. ती आली जूनमध्ये. मग उखळी तोफांच्या माऱ्यात किल्ल्यातल्या दारूच्या कोठाराचा स्फोट झाला, तट ढासळला आणि थोड्याच दिवसांत किल्ला पडला. मालेगावचा निकाल तटापाशी लागला असं आपण म्हणतो, पण तो निम्मा तरी नगरच्या रस्त्यावर, बैलांच्या मानेवर लागला होता.

डोंगरात बैलही चालत नाहीत. तिथे तोफ सुटी करून खेचरांच्या पाठीवर लादायची: नळी एकावर, चाकं दुसऱ्यावर, बाकीचे भाग आणखी काहींवर. भारतीय तोफखाना 28 सप्टेंबर हा गनर्स डे पाळतो, तो 1827 मध्ये मुंबई इलाख्यात उभ्या राहिलेल्या गोलंदाजांच्या तुकडीची आठवण म्हणून. पुढे ती तुकडी डोंगरी तोफखान्याची म्हणून ओळखली गेली. गोलंदाज म्हणजे तोफ डागणारा, हे आता क्रिकेटमुळे आपण विसरून गेलो आहोत.

1865 मध्ये थळ घाटातून रेल्वे वर आली आणि देवळालीचं महत्त्व वाढलं. मुंबई बंदरात उतरलेली पलटण इथे यायची आणि मायदेशी निघालेले गोरे शिपाई इथेच जहाजाची वाट बघत बसायचे. तोफखान्याची शाळा 1923 मध्ये काकूलला, म्हणजे आजच्या पाकिस्तानात, सुरू झाली होती. ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथे आली. तोवर बैल आणि घोडे मागे पडून इंजिनं आली होती. 25 पौंडांचा गोळा मारणाऱ्या तोफेला ओढायला खास ट्रॅक्टर असे, आणि दोहोंच्या मधे दारूगोळ्याची छोटी गाडी जोडलेली. स्वातंत्र्यानंतर 1959 पासून जबलपूरला बनलेल्या शक्तिमान ट्रकने ते काम अंगावर घेतलं. साध्या बांध्याचा हा ट्रक दुरुस्तीलाही सोपा होता, म्हणूनच तो दशकानुदशकं टिकला.

   

1999 च्या कारगिल युद्धाबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं. 1986 मध्ये करार झालेली बोफोर्स तोफ स्वीडिश स्कॅनिया ट्रकने ओढली जायची, आणि तिला स्वतःचंही छोटं इंजिन होतं. त्यावर ती ट्रक सोडून थोडं अंतर आपली आपण सरकायची. गोळे डागून शत्रूचे उलटे गोळे येण्याआधी जागा बदलायची, हे तिला जमायचं. त्या लढाईत सगळ्या तोफा, उखळी तोफा आणि रॉकेट मिळून अडीच लाखांहून जास्त मारे झाले. बोफोर्सचा 155 मिमीचा एक गोळा साधारण 43 किलोचा. शंभर गोळे म्हणजे चार टनांहून जास्त वजन, आणि त्याशिवाय गोळा फोडणारा फ्यूज आणि तो उडवणारी दारू वेगळी. हे सगळं द्रासच्या अरुंद रस्त्याने, शत्रूच्या नजरेखालून वर न्यायचं होतं. टायगर हिलवरचे जवान आपण नावानिशी आठवतो, त्यांना तोड नाही. पण रात्री दिवे मालवून गोळ्यांचा ट्रक वर नेणारा चालकही त्याच लढाईत होता.

आता पुन्हा 2018 कडे. वज्र स्वतःच्या साखळीपट्ट्यांवर चालते. 47 टन वजन, हजार अश्वशक्तीचं इंजिन. तरीही लांबच्या प्रवासाला तिला ट्रेलरवरच चढवावं लागतं, नाहीतर पट्टेही झिजतात आणि रस्ताही. डिसेंबर 2024 मध्ये आणखी शंभर वज्रांचा करार झाला, म्हणजे त्या प्रमाणात ट्रेलर, सुटे भाग आणि मेकॅनिकही लागणार. एम-777 टायटॅनियममुळे जेमतेम सव्वाचार टनांची आहे, त्यामुळे चिनूक हेलिकॉप्टर तिला दोराने उचलून शिखरावर ठेवू शकतं. जमिनीवर मात्र तिलाही गाडीच हवी.

एम-777 ओढली जाताना कधी दिसली तर नीट बघा. बहुतेक तोफा मागच्या पायांनी जोडलेल्या असतात. हिला ओढायचा आकडा मात्र नळीच्या तोंडाशी असतो, त्यामुळे ही नळी पुढे करून चालते आणि तिचं तोंड थेट त्या तिसऱ्या, कुणाला न आठवणाऱ्या गाडीच्या पाठीला टेकलेलं असतं.