पांदणीचा चिखल आणि ट्रॅक्टरमागचा पाटा

मृग जवळ आला की विदर्भात गावोगावी तोच विषय निघतो: यंदा पांदण कशी करायची? गावापासून वावरापर्यंतचा तो कच्चा रस्ता जुलैत असा होतो की बंडी जात नाही, मोटारसायकल जात नाही आणि खताचं पोतं डोक्यावरून न्यावं लागतं. घरी ट्रॅक्टर असला की वाटतं, एखादं अवजार घेऊन टाकावं. मागे लावायचा पाटा (माती ओढायचं आडवं लोखंडी पातं) घ्यावा, पुढे डोजर (माती ढकलायचं पातं) बसवावा, की दर वर्षी तासावर जेसीबी बोलवावा? दुकानात किंमत सांगतात, किती एचपीला चालेल तेही सांगतात. पण ही अवजारं मुळात कशासाठी घडली, त्यांना काय जमतं आणि काय कधीच जमणार नाही, हे कोणी सांगत नाही. खरेदी फसते ती बहुतेक इथेच, म्हणून जरा मागे जाऊन बघू.

आधी माती. विदर्भाचा पश्चिमेकडचा आणि मधला मोठा भाग दख्खनच्या बेसाल्टवर आहे. त्या खडकाच्या झिजेतून झालेल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट जातीचे चिकण कण भरपूर असतात. पाणी या कणांच्या थरांमध्ये शिरतं आणि माती फुगते. उन्हाळ्यात ती आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथे जमिनीखालचं पाणी खारं आहे त्या भागात, तर निचरा इतका मंद की वर खपली धरली तरी खाली ओल तशीच. अशा मातीवरून वर्षानुवर्षं चाकं गेली, पाण्याने सैल माती वाहून नेली आणि दोन्ही बाजूंचे धुरे (बांध) नांगरता नांगरता आत सरकले. म्हणून आज बहुतेक पांदणी शेजारच्या वावरांपेक्षा खोल आहेत. पावसाळ्यात वावरातलं पाणी तिथेच उतरतं. पांदण चिखलाची का होते, याचं अर्धं उत्तर या उतारात आहे.

हा प्रश्न ट्रॅक्टरपेक्षा फार जुना. रेल्वे यायच्या आधी नागपूर-वऱ्हाडकडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून पार गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोहोचली, १८७० मध्ये जलंबपासून खामगावचा फाटा सुरू झाला. बाजारपेठा स्टेशनांना जोडल्या गेल्या, त्यासाठी खडीचे रस्ते झाले. वावरातून गावात यायचा रस्ता मात्र कोणाच्याच हिशेबात नव्हता. तो गावकऱ्यांनी आपल्या बैलांनी आणि आपल्या हातांनी सांभाळायचा, असंच धरलं गेलं.

सांभाळायला अवजारं होती ती शेतीचीच. चाकोऱ्यांचे उंचवटे वखराने खरवडायचे, माती ओढायला बैलांची केणी, म्हणजे माती भरून ओढायचं फळीचं अवजार. वखराची पास, म्हणजे त्याचं लोखंडी पातं, जमिनीत धरत नसली की शेतकरी वखरावर दगड ठेवतो, नाहीतर स्वतः उभा राहतो. पात्याला वरून दाब देण्याचा तेवढा एकच मार्ग होता. हा दाबाचा मुद्दा लक्षात ठेवावा. ट्रॅक्टर आल्यावरही तो सुटलेला नाही.

आपल्या भागात मोठी यंत्रं पहिल्यांदा दिसली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. विदर्भ तेव्हा मध्य प्रांतात होता, पुढे १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात, आणि राजधानी नागपूर. कांस गवताने पडीक पाडलेल्या मध्य भारतातल्या जमिनी मोडायला केंद्र सरकारने सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन उभी केली. अमेरिकन सैन्याने मागे ठेवलेल्या पट्ट्यांच्या ट्रॅक्टरांवर तिचं काम सुरू झालं आणि १९४९ मध्ये नव्या यंत्रांसाठी जागतिक बँकेने १ कोटी डॉलरचं कर्ज दिलं. हे ट्रॅक्टर अवजार मागे नुसतं ओढत. नांगराला स्वतःची चाकं, स्वतःचं वजन. ट्रॅक्टर आणि अवजार ही दोन वेगळी यंत्रं होती.

आज आपल्या ट्रॅक्टरमागे जे तीन हात दिसतात, दोन खालचे आणि एक वरची टॉप लिंक, ती कल्पना हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसाची. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, आयर्लंडच्या कृषी मंडळाने त्याला ट्रॅक्टरांचं काम सुधारायला नेमलं. तेव्हाचे हलके ट्रॅक्टर नांगर दगडात अडकला की पुढून उचलले जात आणि मागे उलटत. चालकाचा जीव जाई. फर्ग्युसनने नांगर तीन बिंदूंवर ट्रॅक्टरला असा जोडला की नांगर अडला तर टॉप लिंक ट्रॅक्टरला पुढून खालीच दाबते. त्याला हायड्रोलिकची जोड दिली. ओढ वाढली की टॉप लिंकवरचा दाब वाढतो, व्हॉल्व्ह उघडतो, नांगर किंचित वर येतो आणि त्याचं वजन मागच्या चाकांवर जातं. त्यामुळे हलका ट्रॅक्टरही घसरत नाही. १९२६ मध्ये याचं पेटंट झालं, १९३६ मध्ये फर्ग्युसन-ब्राउन ट्रॅक्टर बाजारात आला. १९३८ मध्ये हेन्री फोर्डशी नुसत्या हस्तांदोलनावर करार झाला आणि पुढच्या वर्षी फोर्डचा ९एन ट्रॅक्टर निघाला. फोर्डच्या नातवाने तो तोंडी करार मोडला. खटला १९५२ मध्ये ९२.५ लाख डॉलरवर मिटला. पेटंटची मुदत संपल्यावर सगळ्याच कंपन्यांनी ही जोडणी उचलली.

भारतात १९५९ मध्ये फरिदाबादला आयशरचा पहिला ट्रॅक्टर तयार झाला. १९६० मध्ये मॅसी फर्ग्युसनच्या परवान्यावर चेन्नईत टाफे आणि १९६३ मध्ये महिंद्रा व इंटरनॅशनल हार्वेस्टर यांची भागीदारी सुरू झाली. आज महिंद्राचा एक ट्रॅक्टर कारखाना आपल्या नागपूरजवळ हिंगण्यालाच आहे. कंपनी कोणतीही असो, मागची जोडणी फर्ग्युसनच्याच वळणाची.

आता या जोडणीतली खरी गोम. ती नांगरासाठी केली आहे. नांगर आपल्या आकारामुळे स्वतःच जमिनीत शिरतो, त्याला फक्त वर उचलून धरावं लागतं. म्हणून मागचं हायड्रोलिक एकाच दिशेने काम करतं. ते उचलतं, खाली दाबत नाही. लिव्हर खाली केला की अवजार केवळ आपल्या वजनाने उतरतं. मागे पाटा लावला आणि पांदणीच्या चाकोऱ्या वाळून दगड झाल्या असतील, तर पाटा त्यांच्यावरून घसरत जातो. मग माणसं पाट्यावर उभी राहतात. वखरावर उभं राहण्याची ती सवय इथे जिवावर बेतू शकते, कारण पाटा उडाला की माणूस थेट पात्यापुढे पडतो. पाटा घेताना जड घ्यावा आणि वजन बांधायला चौकट आहे का ते पाहावं.

मोबाइलवर थंड देशांतले बर्फ काढण्याचे व्हिडिओ खूप फिरतात. ते पाहून पुढे डोजर लावायचा मोह होतो. तिथेही निवड अशीच: मागचा पाटा, पुढची लोडर-बादली, पुढचं पातं, किंवा बर्फ उडवणारं फिरतं यंत्र. उडवणारं यंत्र क्यूबेकच्या आर्थर सिकार्डने १९२५ मध्ये केलं. आता ते ट्रॅक्टरच्या पीटीओवरही, म्हणजे इंजिनाचा जोर अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्यावरही, चालतं. पण बर्फाखाली डांबर, काँक्रीट नाहीतर गोठून टणक झालेली जमीन असते. पातं त्या कठीण तळावरून सरकतं आणि वरचं तेवढं काढून घेतं. आपल्या पांदणीत चिखलाखाली तळ नाही, खाली तीच माती आहे. भर पावसाळ्यात चिखल ओढून काढला की रस्ता आणखी खोल होतो आणि पुढच्या सरीत आणखी पाणी धरतो. जुलैत पाटा चालवून पांदण सुधारली असं मी तरी कुठे पाहिलं नाही.

पाट्याचं खरं काम वळवाचा पाऊस पडून गेल्यावर आहे, जमीन वाफशावर, म्हणजे ना चिखल ना कोरडी, असताना. तेव्हा चाकोऱ्या मऊ असतात आणि माती पात्याला चिकटत नाही. पाटा तिरका लावून कडेची माती मधे ओढायची, मधला भाग उंच करायचा आणि कडेला पाण्याला वाट द्यायची. यासाठी तिरका फिरणारा पाटाच हवा. सरळ बसवलेला पाटा माती नुसती पुढे ढकलत नेतो. रुंदीचाही हिशेब आहे. ३० अंशांत तिरका केला की ७ फुटी पाटा प्रत्यक्षात ६ फूटच झाडतो. तेव्हा आपल्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांचं बाहेरून बाहेर अंतर टेपने मोजावं आणि तिरका केल्यावरही पाटा त्या अंतराला पुरेल एवढा घ्यावा. कमी पडला तर आपणच केलेल्या कामावर आपलंच चाक नवी चाकोरी पाडतं.

पिन पाहणंही तितकंच गरजेचं. खालच्या हातांची पिन लहान ट्रॅक्टरवर २२ मिलिमीटरची, मोठ्यावर २८ मिलिमीटरची असते. मोठ्या हातात बारीक पिन बुश (मधली नळी) न घालता लावली की पाटा खडखडतो आणि छिद्रं लांबट होतात. आणखी एक, जे बरेच चालक पाळत नाहीत: सीटजवळच्या दोन लिव्हरपैकी एक पोझिशनचा, तो अवजार ठरवलेल्या उंचीवर धरतो; दुसरा ड्राफ्टचा, तो ओढीप्रमाणे अवजार वर-खाली करतो. नांगराला ड्राफ्ट हवा, पाट्याला पोझिशन. ड्राफ्टवर पाटा ठेवला की ओढ वाढेल तिथे तो आपोआप वर येतो, आणि उंचवटा जिथे कापायचा नेमका तिथेच सुटतो.

पुढच्या डोजरचे सिलिंडर दोन्ही बाजूंनी काम करतात, म्हणजे तो खाली दाबू शकतो. कोठ्यातलं शेण, उकिरडा, मुरमाचा ढीग यासाठी तो उत्तम. पण आपले बहुतेक ट्रॅक्टर मागच्या दोनच चाकांवर ओढणारे. पुढचा ॲक्सल असल्या भारासाठी घडलेला नाही. किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन) आणि बेअरिंग लवकर जातात. खाली जोर दिला की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग ऐकत नाही. फक्त पांदणीसाठी म्हणून दोन चाकी ओढीच्या ट्रॅक्टरवर डोजर बसवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. रोटावेटरही पांदणीत घालू नये. चाकोऱ्या फुटतात खऱ्या, पण चाकांनी दाबून घट्ट झालेला थर भुसभुशीत होतो आणि पहिल्याच मोठ्या पावसात त्याचं खीर-चिखल होतं.

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे गोष्ट वेगळी. तिथे धानाला चिखलणी लागते आणि लोखंडी केजव्हील (चिखलासाठीची पिंजऱ्यासारखी चाकं) लावलेले ट्रॅक्टर बांधीतून, म्हणजे धानाच्या वावरातून, तसेच रस्त्यावर येतात. तिथे पांदण वाचवायची तर आधी केजव्हील बांधीतच काढायची शिस्त हवी.

जेसीबी भारतात १९७९ मध्ये एस्कॉर्ट्सच्या भागीदारीतून आला आणि गेल्या काही दशकांत गावोगावी पोहोचला. कडेची नाली खोल खणणं, बुजलेला नाला उकरणं, मुरूम भरणं ही त्याची कामं. ट्रॅक्टरच्या पाट्याने ती होत नाहीत. नाली एकदा जेसीबीने काढून घ्यावी आणि मग दर वर्षी पाट्याने रस्त्याचा मधला उंचवटा राखावा, हाच मला परवडणारा मार्ग दिसतो. २०२१ मध्ये राज्याने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली, त्यात मनरेगाच्या निधीला राज्याच्या निधीची जोड होती. पक्कं काम अशा योजनेतून मागता येतं.

मात्र यंत्र कोणतंही आणा, त्याला चालायला रुंदी लागते, आणि धुरे सरकून कित्येक पांदणी ट्रॅक्टर जेमतेम जाईल एवढ्याच उरल्या आहेत. कायद्याचा आधार इथेही जुना आहे. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली अडवलेला रस्ता तहसीलदार मोकळा करून देऊ शकतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते. नागपूरकडच्या जिल्ह्यांत तर वाजिब-उल-अर्ज नावाचं गावाच्या वहिवाटीचं दप्तर असतं आणि जाण्यायेण्याचे हक्क त्यात नोंदलेले सापडतात. पाट्याची ऑर्डर देण्याआधी तलाठ्याकडून गाव नकाशा घ्यावा, शेजारच्या दोन्ही वावरवाल्यांना सोबत घेऊन पांदण मोजावी आणि मगच किती फुटी पाटा घ्यायचा ते ठरवावं.