भावना आणि पंचमहाभूते

काम, क्रोध, शोक, भय अशा मनोविकारांचा पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश या निसर्गतत्त्वांशी संबंध जोडणारी विचारपद्धती. भारतात ती वेदान्त, आयुर्वेद, बौद्ध साधना आणि तंत्रमार्गात आढळते, चीनमध्ये पाच तत्त्वांच्या वैद्यकात आणि ग्रीक-अरबी परंपरेत चार देहद्रवांच्या सिद्धान्तात. राग म्हणजे अग्नी, दुःख म्हणजे पाणी अशी तयार कोष्टके आज आरोग्यशिबिरांत सर्रास दाखवली जातात. मूळ ग्रंथ उघडून पाहिले, तर या जोड्या तशा जुळत नाहीत. प्रत्येक परंपरेने त्या आपल्या गरजेप्रमाणे लावल्या आहेत आणि ती गरज समजून घेतल्याशिवाय जोडीचा अर्थ लागत नाही.

मराठी वाचकाला सर्वांत जवळचे उदाहरण दासबोधातले आहे. सतराव्या दशकातील तत्त्वनिरूपणाच्या समासात समर्थ रामदास स्थूल देहाची पंचवीस तत्त्वे पाच भूतांमध्ये वाटून देतात. हाडे, मांस, त्वचा, नाडी, रोम ही पृथ्वीची. रेत, रक्त, लाळ, मूत्र, घाम ही आपाची. भूक, तहान, आळस, निद्रा, मैथुन ही तेजाची. चळण, वळण, प्रसरण, निरोध, आकुंचन ही वायूची. राहिलेले काम, क्रोध, शोक, मोह आणि भय हे पाचही आकाशाचे. क्रोधाची आगीशी सांगड आपण इतकी गृहीत धरतो की ही वाटणी वाचताना थबकायला होते. तेजाच्या वाट्याला इथे भूक आणि झोप येते, संताप येत नाही. पुढे सूक्ष्म देहाचा विचार करताना त्याच समासात अंतःकरणही आकाशाचेच सांगितले आहे, तेव्हा या वाटणीची संगती लागते. भावना जिथे उमटतात ते अंतःकरण आकाशाचे, म्हणून त्याही आकाशाच्या.

पंचीकरणाच्या सिद्धान्तानुसार प्रत्येक स्थूल भूतात अर्धा भाग स्वतःचा आणि उरलेला अर्धा बाकीच्या चौघांचा असतो. त्यामुळे वेदान्ताच्या काही प्रकरणग्रंथांत (प्राथमिक ग्रंथांत) आकाशाच्या या पंचकाचीही आणखी फोड केलेली असते. शोक हा आकाशाचा मुख्य भाग, कारण शोकात शरीर रिते वाटते. कामात वायूचा अंश, कारण त्याची वृत्ती चंचल. क्रोधात तेजाचा, कारण तो अंग तापवतो. मोहात पाण्याचा, कारण तो मुलाबाळांकडे पसरत जातो. भयात पृथ्वीचा, कारण भ्यालेला माणूस जागच्या जागी थिजतो. देहात जे प्रत्यक्ष जाणवते त्याचे इतके नेमके निरीक्षण दुसऱ्या कोणत्याही कोष्टकात क्वचितच सापडेल.

या मोजदादीचा हेतू मात्र उपचार नव्हे. प्रत्येक तत्त्व ज्याचे त्याच्या पदरात टाकायचे आणि यातले ‘मी’ म्हणावे असे काय उरले ते पाहायचे, यालाच संप्रदायात तत्त्वझाडा म्हणतात. राग आला हे खरे, पण तो आकाशाचा, माझा नव्हे, अशी ही साधना आहे.

वैद्याला एवढ्यावर थांबता येत नाही, त्याला रोगी बरा करायचा असतो. म्हणून आयुर्वेदात महाभूते आणि भावना यांच्यामध्ये त्रिदोष येतात. वात वायू आणि आकाशाचा, पित्त अग्नीचे, कफ जल आणि पृथ्वीचा. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील बाराव्या अध्यायात ऋषींची एक चर्चासभा आहे. तिथे वायू समस्थितीत असताना हर्ष आणि उत्साह यांचे उगमस्थान ठरतो, तर बिघडला की भय, शोक, मोह, दैन्य आणि बडबड निर्माण करतो. मरीची म्हणतो की शरीरात अग्नीच पित्ताच्या रूपाने राहून शौर्य आणि भय, क्रोध आणि हर्ष, मोह आणि प्रसन्नता घडवतो. काप्य कफाकडे उत्साह-आळस, ज्ञान-अज्ञान अशा जोड्या सोपवतो. इथे एका तत्त्वाला एक भावना असा हिशेब नाही. तेच तत्त्व समतोल असेल तर एक देते, ढळले की उलट देते.

संबंध उलट्या दिशेनेही चालतो. ज्वरचिकित्सेत चरक सांगतो की काम, शोक आणि भय यांनी वात कुपित होतो, क्रोधाने पित्त. उन्मादाच्या प्रकरणात तर काम, शोक, भय, क्रोध, हर्ष, ईर्षा, लोभ यांतून उद्भवलेला विकार त्यांच्या विरोधी भावनेने शमवावा, असे स्पष्ट सांगितले आहे.

याच कल्पनेला चीनमध्ये संपूर्ण शास्त्राचे रूप मिळाले. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकांत आकार घेतलेल्या ‘ह्वांगती नेइचिंग’ या वैद्यकग्रंथात पाच तत्त्वे आहेत ती लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी. आकाश आणि वायू त्यांत नाहीत. क्रोध लाकडाचा आणि यकृताचा, हर्ष अग्नीचा आणि हृदयाचा, अतिचिंतन मातीचे आणि प्लीहेचे, शोक धातूचा आणि फुप्फुसांचा, भय पाण्याचे आणि मूत्रपिंडांचे. धातू लाकूड कापतो म्हणून शोक क्रोधाला जिंकतो, पाणी आग विझवते म्हणून भय हर्षाला, आणि लाकूड मातीत घुसते म्हणून क्रोध चिंतनाला.

हे केवळ कागदावर राहिले नाही. चांग त्सुंगचंग (११५६–१२२८) या वैद्याकडे एका श्रीमंत घरातील स्त्रीची तक्रार आली. अतिविचाराने तिला दोन वर्षे झोप नव्हती. नाडी पाहून त्याने दोष प्लीहेचा ठरवला आणि नवऱ्याशी संगनमत केले. तिच्या घरून भरपूर पैसे घेतले, काही दिवस दारू पीत बसला आणि एकही औषध न देता निघून गेला. ती संतापली, घामाघूम झाली आणि त्याच रात्री तिला झोप लागली.

ग्रीक परंपरेत एम्पेडोक्लीझ या तत्त्वज्ञाची पृथ्वी, जल, वायू, अग्नी ही चार तत्त्वे पुढे चार देहद्रवांशी जोडली गेली आणि गेलन या वैद्याच्या लेखनातून युरोप व अरब जगात पोचली. पिवळे पित्त अग्नीचे व संतापी, काळे पित्त पृथ्वीचे व खिन्न. क्रोध आणि अग्नी ही आज सर्वमान्य वाटणारी जोडी सर्वांत ठळक इथेच दिसते. भारतातील युनानी वैद्यक याच घराण्याचे.

तत्त्वांकडे कारण म्हणून न पाहता गुरू म्हणून पाहणारी आणखी एक धारा आहे आणि माझ्या मते माणसाला ती सर्वाधिक उपयोगी आहे. मज्झिमनिकाय या पाली बौद्ध ग्रंथातील महाराहुलोवाद सुत्तात बुद्ध आपल्या मुलाला, राहुलाला, पृथ्वीसारखे ध्यान करायला सांगतो. तिच्यावर लोक शुद्ध-अशुद्ध काहीही टाकतात, ती किळस करत नाही. पाणी, अग्नी, वायू, आकाश यांच्याबाबतही असेच. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये ही पाचही भूते येतात. पृथ्वीकडून त्याने क्षमा घेतली, वायूकडून असंगपणा, आकाशाकडून अलिप्तता. एकनाथांनी १५७३ मध्ये काशीत पूर्ण केलेल्या भागवतटीकेत या गुरूंचे विस्ताराने विवरण केले आणि ते मराठी घरांत पोथीतून पोचले.

तंत्रमार्गातील चक्रांचा, म्हणजे देहात कल्पिलेल्या कमळाकार शक्तिकेंद्रांचा, भाग अधिक गुंतागुंतीचा आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकराच्या आरंभी देहाची उत्पत्ती सांगताना चक्रांच्या पाकळ्यांवर मनोवृत्ती बसवल्या आहेत. नाभीजवळच्या मणिपूर चक्राच्या दहा पाकळ्यांवर तृष्णा, ईर्षा, लज्जा, भय, घृणा, मोह, विषाद अशा वृत्ती आहेत. संगीताच्या ग्रंथात हे कशाला, असे वाटेल. पण देहातल्या अग्नीने वायूला चेतवल्यावर नाद उमटतो, अशी त्याची मांडणी असल्याने गाणाऱ्याचा देह आधी समजून घेणे त्याला आवश्यक वाटले. पूर्णानंदांच्या षट्चक्रनिरूपणात (१५७७) मूलाधारापासून विशुद्धापर्यंत पाच चक्रांना पाच भूते दिली आहेत आणि मणिपूर अग्नीचे आहे. एका चक्राला एक तत्त्व, एक भावना आणि इंद्रधनुष्याचा एक रंग हे सध्याचे कोष्टक मात्र विसाव्या शतकात पाश्चात्त्य लेखकांच्या हातून घडले. त्याला प्राचीन म्हणणे चूक आहे.

आधुनिक शरीरशास्त्रात महाभूतांना स्थान नाही. भावना देहात कुठे जाणवतात, हा प्रश्न मात्र प्रयोगशाळेतही विचारला गेला आहे. फिनलंडच्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी सुमारे ७०० जणांकडून शरीराच्या आकृतीवर भावना रंगवून घेतल्या. क्रोधात छाती, डोके आणि हातांत जोर वाढल्याचे, तर दुःखात हातापायांतला जोर ओसरल्याचे लोकांनी दाखवले. फिनलंड, स्वीडन आणि तैवानमधील उत्तरे बरीचशी सारखी होती. अंग तापते, रिते होते, या जुन्या वर्णनांचा आधार असाच प्रत्यक्ष अनुभव असावा.

महाराष्ट्रात पंचमहाभूतांचा उपचार म्हणून वापर निसर्गोपचाराने रुजवला. गांधीजींनी १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमधील कैदेत आरोग्यावरील पुस्तिका लिहिली. तीत माती, पाणी, आकाश, तेज आणि वायू यांवर स्वतंत्र विवेचन आहे. १९४६ मध्ये उरुळीकांचन येथे निसर्गोपचार केंद्र सुरू झाले आणि पुढे मणिभाई देसाई व बाळकोबा भावे यांनी ते वाढवले. मातीच्या पट्ट्या, कटिस्नान, सूर्यस्नान यांच्या जोडीला रामनाम हा गांधीजींच्या पद्धतीचा अविभाज्य भाग होता. आकाशाचा उपयोग त्यांनी अगदी व्यवहारात सांगितला आहे : शक्यतो उघड्यावर झोपावे, घरात नको त्या सामानाची गर्दी करू नये आणि पोटातही थोडी जागा रिकामी ठेवावी.