पार्श्वभूमी : ‘वेस्ट साइड स्टोरी’तल्या गाण्यांच्या जागा

‘रोमिओ अँड ज्युलिएट’वरून अमेरिकन संगीतिका रचायची कल्पना १९४९ मध्ये निघाली, तेव्हा तिच्यात न्यूयॉर्कमधला ज्यू-कॅथलिक संघर्ष होता. तो विषय शिळा वाटल्याने काम रेंगाळले. १९५५ मध्ये वर्तमानपत्रांतल्या टोळीयुद्धांनी नवी वाट दाखवली आणि गोऱ्या जेट्ससमोर प्वेर्तो रिकोचे शार्क्स उभे राहिले. २६ सप्टेंबर १९५७ ला ब्रॉडवेवर पहिला प्रयोग झाला. १९६१ च्या चित्रपटाने दहा ऑस्कर मिळवली.

रोमिओचा टोनी झाला, ज्युलिएटची मारिया, मर्क्युशिओचा जेट्सचा म्होरक्या रिफ, टिबॉल्टचा मारियाचा भाऊ बर्नार्डो, दाईची अनिता. हे सगळे जाणतात. खरा वाद आहे तो पडद्यावर हललेल्या गाण्यांचा. संगीत नाटकांवर वाढलेल्या आपल्या प्रेक्षकाला पदाची जागा चुकली की काय होते ते वेगळे सांगायला नको.

रंगमंचावर पहिला अंक टोळ्यांच्या मारामारीत पडलेल्या रिफ आणि बर्नार्डोच्या प्रेतांवर संपतो. मध्यंतरानंतर पडदा उघडतो तेव्हा मारिया ‘आय फील प्रिटी’ गात असते. तिचा भाऊ टोनीच्या हातून मेला, हे प्रेक्षकाला माहीत असते, तिला नसते. हे थेट मूळ नाटकातून आले आहे. तिथे तिसऱ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात टिबॉल्ट पडतो आणि दुसऱ्याच प्रवेशात ज्युलिएट रात्र लवकर यावी म्हणून आतुर स्वगत बोलते. १९६१ च्या चित्रपटाने हे गाणे मारामारीच्या आधी नेले. त्याने ते नुसते आनंदाचे गाणे झाले. चाल गोड राहिली, काळजात रुतणारा काटा गेला.

दुसरी अदलाबदल जास्त गुंतागुंतीची आहे. मूळ संगीतिकेत ‘कूल’ मारामारीच्या आधी आहे आणि पोलिसांची टर उडवणारे ‘जी, ऑफिसर क्रुप्की’ दुसऱ्या अंकात, दोन खुनांनंतर. नेता गमावलेली पोरे विनोद करतील कशी, हा आक्षेप खुद्द गीतकाराचाच होता. चित्रपटात दोन्हींची जागा बदलली. ‘कूल’ला त्याचा फायदाच झाला : ठेंगण्या छताच्या गॅरेजात, खरोखर हादरलेल्या पोरांना आवर घालणारे ते गाणे झाले. मात्र रिफ मेलेला असल्याने ते आइस नावाच्या पोराच्या तोंडी द्यावे लागले. ‘क्रुप्की’ मात्र सुरुवातीच्या टवाळखोरीत मिसळून गेले. रंगमंचावरची जागाच जास्त परिणामकारक होती, हे पुढे गीतकारानेही मान्य केले.

याचेही मूळ नाटकातच आहे. चौथ्या अंकाच्या पाचव्या प्रवेशात ज्युलिएट मृत समजून घरात आकांत होतो आणि त्याच प्रवेशाच्या शेवटी लग्नासाठी आलेले वादक नोकराशी थट्टा करत बसतात. अनेक दिग्दर्शक हा तुकडा कापतात. पण दुःखाला खेटून हसू ठेवणे ही या नाटकाची रीतच आहे. हसू आधी आणि रडू नंतर अशी वाटणी केली की शोकांतिका सरळसोट होते.

वेगाची जाण मात्र सगळ्यांनीच राखली. नाटकाआधीच्या १५६२ च्या इंग्रजी काव्यात नऊ महिने चालणारी कथा नाटकात चार-पाच दिवसांत आवळली गेली. संगीतिकेत ती दोन दिवसांवर आली. मूळ नाटकात रोमिओला जाणारे पत्र अडवणाऱ्या प्लेगच्या जागी माणसेच आली. टोनीसाठी मारियाचा निरोप घेऊन आलेल्या अनितावर जेट्स हात टाकतात आणि संतापाने ती मारिया मेल्याचे सांगते. दैवाचा दोष माणसांच्या माथी गेला, तो माझ्या मते या रूपांतरातला सर्वांत धीट बदल. मारियाला जिवंत ठेवणे त्याला धरूनच आहे.

२०२१ च्या चित्रपटाने ‘आय फील प्रिटी’ पुन्हा मारामारीनंतर आणले आणि ‘कूल’ मारामारीआधी, पिस्तुलावरून टोनी-रिफमध्ये चाललेल्या झटापटीत. स्पॅनिश संवादांना उपशीर्षके दिली नाहीत. ‘क्रुप्की’ मात्र याही वेळी खुनांच्या आधीच राहिले, पोलीस ठाण्यात.