काफ्का कुबरनेटीसवर रुळले कसे?

काफ्का ही नोंदींचा प्रवाह साठवून पुढे पोचवणारी प्रणाली, तर कुबरनेटीस ही यंत्रांच्या समूहावर, म्हणजे क्लस्टरवर, प्रोग्राम चालवणारी. कुबरनेटीसच्या क्लस्टरवर काफ्का बसवू पाहणाऱ्याला आज एवढेच सांगितले जाते की, आधी स्ट्रिम्झी हा ऑपरेटर (काफ्काची देखभाल करणारा प्रोग्राम) चढवावा आणि मग ‘काफ्का’ या प्रकारची एक आटोपशीर यामल फाईल (हवी ती रचना लिहिलेली मजकुराची फाईल) लागू करावी. ती फाईल इतकी आटोपशीर होण्यास मात्र बरीच वर्षे लागली, कारण या दोन प्रणालींची मूळ गृहीतकेच परस्परविरोधी होती.

काफ्का लिंक्डइनमध्ये जे क्रेप्स, नेहा नारखेडे आणि जुन राव यांनी घडवले आणि २०११ मध्ये ते मुक्तस्रोत झाले. त्यातील प्रत्येक ब्रोकर, म्हणजे काफ्काचा सर्व्हर, आपल्या वाट्याच्या पार्टिशनमधील (नोंदींच्या विभागातील) नोंदी स्वतःच्या डिस्कवर ठेवतो, क्लायंट सुरुवातीला कोणत्याही एका ब्रोकरला गाठून कोणते पार्टिशन कोणाकडे आहे हे विचारून घेतो आणि पुढे थेट त्या त्या ब्रोकरशीच बोलतो. म्हणजे ब्रोकरची ओळख, पत्ता आणि डिस्क ही तिन्ही टिकाऊ हवीत. गूगलने २०१४ मध्ये जाहीर केलेल्या कुबरनेटीसचा स्वभाव नेमका उलटा होता: पॉड (चालू प्रोग्रामचे एकक) गेला तर दुसऱ्या यंत्रावर नवा उभा राहतो, त्याचा पत्ता बदलतो, आणि सर्व्हिसकडे (अनेक पॉडच्या पुढे असलेल्या एकाच पत्त्याकडे) आलेली विनंती कोणत्याही पॉडकडे गेली तरी बिघडत नाही. वेब सर्व्हरला हे मानवते, ब्रोकरला नाही.

२०१६ मध्ये कुबरनेटीसमध्ये आधी ‘पेटसेट’ ही सोय आणि त्याच वर्षाअखेरीस नाव बदलून ‘स्टेटफुलसेट’ आले, तेव्हा पॉडला स्थिर नाव व स्वतःची डिस्क मिळाली. तरीही वेगवेगळ्या ब्रोकरवरील पार्टिशनच्या प्रती एकमेकींच्या बरोबरीला आल्या आहेत की नाहीत हे पाहून मगच पुढचा ब्रोकर थांबवावा, ही जाण त्यात नव्हती. जाणकार माणसाचे हे काम प्रोग्रामकडे सोपवण्याची ‘ऑपरेटर’ ही कल्पना कोअरओएस या कंपनीने त्याच वर्षी मांडली, आणि स्ट्रिम्झी तिच्यावरच उभे आहे. गंमत अशी की, स्टेटफुलसेट पॉड कमी करताना शेवटच्या क्रमांकाचाच काढतो आणि सर्व पॉड एकाच साच्यातले मागतो, म्हणून स्ट्रिम्झीने पुढे तोही सोडून स्वतःचा ‘स्ट्रिम्झीपॉडसेट’ लिहिला.

दुसरे ओझे झूकीपरचे होते. क्लस्टरची माहिती सांभाळणारी ही वेगळी प्रणाली काफ्कासोबत चालवावी लागे. तिच्या जागी आलेली, ही माहिती काफ्कातच सांभाळणारी क्राफ्ट पद्धत २०२२ च्या ३.३ आवृत्तीत प्रत्यक्ष वापरास योग्य ठरली आणि मार्च २०२५ च्या ४.० आवृत्तीतून झूकीपर पूर्णपणे गेले. त्यामुळे ज्या मार्गदर्शिकेतील यामलमध्ये झूकीपरचा विभाग आढळेल, ती नव्या आवृत्तीसाठी बाजूला ठेवावी; आता कंट्रोलर (क्लस्टरची माहिती सांभाळणारा) आणि ब्रोकर या भूमिका ‘काफ्कानोडपूल’मध्ये लिहाव्या लागतात. नमुन्याच्या फाईलींपैकी काहींत साठवण ‘एफेमेरल’ (तात्पुरती) असते, तेवढी मात्र आधी तपासावी, कारण तशा साठवणीत पॉडबरोबर त्यातला डेटाही जातो.